ऑपरेशन चेहऱ्याचं, काळजी कानाची

प्रश्न : मी ५१ वर्षांची आहे, फोंडा तालुक्यात राहते, प्राथमिक शाळेत शिकवते. चार वर्षांपूर्वी डाव्या डोळ्याची खालची पापणी लवायला लागली. सासूबाई म्हणाल्या, बाईमाणसाचा डावा डोळा लवणं शुभ. वर्षभरात ते गालावर उतरलं, आता तोंडाचा डावा कोपराही ओढला जातो. झोपेतसुद्धा चालूच असतं, असं मिस्टर सांगतात. सुरुवातीला एकीकडे 'टेन्शन'च्या गोळ्या मिळाल्या, काही उपयोग झाला नाही. मग न्यूरोलॉजिस्टनी हेमिफेशियल स्पॅझम (चेहऱ्याच्या एकाच बाजूला येणारे झटके) असं निदान केलं. एमआरआयमध्ये डाव्या सातव्या नसेला रक्तवाहिनी टेकलेली दिसते. दोनदा बोटॉक्सची इंजेक्शनं घेतली. डोळा शांत झाला, पण दुसऱ्या वेळी तोंड एका बाजूला उतरलं, महिनाभर 'प' आणि 'ब' धड येईनात. मी आमच्या महिला भजनी मंडळात गाते. गजर माझ्याकडे असायचा, तो मी सोडला. आता डॉक्टर म्हणतात, ऑपरेशनचा विचार करा. बेंगळुरूची मुलगी म्हणते, लगेच करून टाक. मिस्टर म्हणतात, जिवाला धोका नाही तर डोकं कशाला उघडायचं? सासूबाईंना देवीला कौल लावायचा आहे. रक्तदाबाची गोळी चालू आहे, बाकी तब्येत ठीक. मी काय करावं?

उत्तर : नमस्कार ताई,

तुमच्या पत्रात मुलीचं मत आहे, मिस्टरांचं आहे, सासूबाईंचं आहे, डॉक्टरांचंही आहे. तुमचं स्वतःचं मत शोधायला मला पत्र पुन्हा वाचावं लागलं. ते 'गजर सोडला' या दोन शब्दांत सापडलं. फोटोत कसं दिसतं, वर्गातली मुलं काय म्हणतात, यातलं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. तेव्हा माझं उत्तरही गाण्याच्या अंगानेच जाईल. आणि तिथे एक पेच आहे, जो तुमच्या घरात कुणाच्या ध्यानात आलेला दिसत नाही. ऑपरेशन चेहऱ्याच्या नसेचं असलं तरी त्यात सगळ्यात जास्त जपावं लागतं ते कानाला.

पण आधी निदान पक्कं करू. 'एमआरआयमध्ये रक्तवाहिनी टेकलेली दिसते' या ओळीवर एवढा भार टाकू नका. ज्यांचा चेहरा आयुष्यात कधी उडाला नाही अशा लोकांच्या एमआरआयमध्येही अशी टेकलेली रक्तवाहिनी पुष्कळदा दिसते. त्या तपासणीचं काम म्हणजे तिथे गाठबीठ नाही ना याची खात्री करणं आणि सर्जनला आतला नकाशा देणं. आजार ओळखायचा असतो चेहऱ्याकडे बघून, आणि तुमचं वर्णन तंतोतंत जुळतं : एकच बाजू, सुरुवात पापणीपासून, मग हळूहळू खाली, आणि झोपेतही सुटका नाही. मिस्टरांनी झोपेतलं लक्षात आणून दिलं ते फार चांगलं केलं. सवयीने किंवा ताणाने होणारे झटके सहसा झोपेत थांबतात.

आणखी एक गोष्ट घरीच बघा. आरशासमोर बसा आणि झटका यायची वाट पाहा. डावा डोळा मिटतो त्या क्षणी डावी भुवई कुठे जाते? आपण मुद्दाम डोळा मिचकावला तर भुवई खाली येते. या आजारात डोळा मिटतो आणि त्याच वेळी भुवई वर उचलली जाते, कपाळाला आठी पडते. एका बाजूला असं ठरवून करता येत नाही, मिस्टरांना करून बघायला सांगा. बाबिन्स्की नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १९०५ मध्ये ही खूण नोंदवली होती. एमआरआय नव्हता तेव्हाही हा आजार ओळखता येत होता, तो असा. मोबाईलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवा. डॉक्टरांच्या खोलीत गेल्यावर चेहरा नेमका गप्प बसतो.

(बाकीच्या वाचकांसाठी : जागरण झालं, चहा-कॉफी जास्त झाली की पापणी फडफडते ती निराळी. ती सहसा आपोआप थांबते. कृपया एमआरआयच्या रांगेत उभे राहू नका.)

आता हे होतं कशामुळे? चेहऱ्याचे स्नायू हलवणारी सातवी नस ब्रेनस्टेममधून, म्हणजे मेंदूच्या देठातून, बाहेर पडते. तिथे पहिल्या काही मिलिमीटरमध्ये तिच्यावरचं आवरण नाजूक असतं. पुढे ते बदलतं आणि जास्त चिवट होतं. त्या नाजूक जागेवर शेजारची एखादी धमनी टेकली तर प्रत्येक ठोक्याला तिथे धक्का बसत राहतो. वर्षानुवर्षं असं झालं की आवरण झिजतं, एका तंतूतला संदेश दुसऱ्यात उडी मारतो, आणि मुळाशी असलेलं नसेचं केंद्रही उगाच चिडचिडं होतं. मग डोळ्याला निघालेला हुकूम गालाला आणि ओठालाही जातो. वयाबरोबर धमन्या लांबतात, नागमोडी होतात, रक्तदाब असला तर जास्तच. म्हणून हा आजार सहसा चाळिशी-पन्नाशीत दिसतो. पुरुषांपेक्षा बायकांत साधारण दुप्पट. तुमचं काही चुकलं म्हणून झालेलं नाही, आणि 'टेन्शन'मुळे तर मुळीच नाही. टेन्शनने झटके वाढतात एवढंच. चार वर्षं लोक तुम्हाला 'शांत राहा' म्हणत आले असतील, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

इंजेक्शनांना इतक्या लवकर निरोप देऊ नका. बोटॉक्स म्हटलं की लोकांना सिनेमा नट्या आठवतात, पण या आजारात ते अनेक वर्षांपासूनचं आणि पहिल्या पसंतीचं औषध आहे. ते नसेकडून स्नायूला जाणारा निरोप तेवढ्यापुरता अडवतं. तीन दिवस ते आठवड्यात गुण दिसतो, तीन-चार महिने टिकतो, मग पुन्हा घ्यायचं. तुमचं तोंड उतरलं याचा अर्थ औषध तुम्हाला चालत नाही असा होत नाही. ओठांजवळ किंवा गालाच्या वर-ओढणाऱ्या स्नायूत डोस थोडा जास्त बसला असणार. पुढच्या वेळी डॉक्टरांना स्पष्ट सांगा, 'मी गाते आणि शिकवते, ओठांजवळ काही नको, फक्त डोळ्याभोवती द्या.' नुसत्या डोळ्याभोवती दिलं तरी खालचे झटकेही बऱ्याच जणांना कमी होतात. तोंडाचा कोपरा थोडा ओढला जाईल, पण 'प' आणि 'ब' शाबूत राहतील. मागच्या वेळी तुम्ही गाता हे त्यांना सांगितलं होतंत का? बहुधा नाही. बायका ओपीडीत गाण्याबिण्याचं बोलायला लाजतात.

गोळ्यांबद्दल थोडक्यात : कार्बामॅझेपिन, क्लोनाझेपाम, बॅक्लोफेन वगैरे देऊन बघतात. गुण येतो तो अर्धवट, आणि वर झोप-गुंगी. वर्गावर उभं राहणाऱ्या माणसाला ते परवडत नाही.

राहिलं ऑपरेशन. मूळ कारणावर इलाज करणारा हा एकच मार्ग आहे. नाव मायक्रोव्हॅस्क्युलर डिकम्प्रेशन, डॉक्टर लोक एमव्हीडी म्हणतात. अमेरिकेतले न्यूरोसर्जन पीटर जनेटा यांनी १९६० च्या दशकात ऑपरेशनचा मायक्रोस्कोप वापरून हे तंत्र बसवलं आणि पुढे पिट्सबर्गमध्ये रुजवलं. एवढीशी धमनी एवढा चेहरा हलवते हे सुरुवातीला त्यांच्याच व्यवसायातल्या अनेकांना पटत नव्हतं.

मिस्टरांना 'डोकं उघडणं' म्हणजे काय ते नीट कळलं तर त्यांची भीती निम्मी होईल, म्हणून जरा सविस्तर सांगते. पूर्ण भूल देतात, कुशीवर झोपवतात. डाव्या कानामागे केसांचा एक पट्टा काढतात, सगळं डोकं भादरत नाहीत. तिथे काही सेंटीमीटरचा छेद घेऊन हाडात अडीच-तीन सेंटीमीटरचं भोक करतात. मेंदूभोवतीचं पाणी थोडं वाहू दिलं की लहान मेंदू आपोआप सैल पडतो आणि बाजूने वाट मिळते. मायक्रोस्कोपखाली ती धमनी नसेपासून अलगद सोडवतात आणि दोघींच्या मध्ये टेफ्लॉनच्या लोकरीसारख्या धाग्यांची गादी ठेवतात. डोक्यावर घागर घेताना मध्ये चुंबळ ठेवतात ना, तसं. धमनी कापत नाहीत, बांधत नाहीत. ती मेंदूला रक्त पुरवते, तिला हातही जपूनच लावायचा. नसही कापत नाहीत. दोन ते चार तास लागतात, एखादी रात्र आयसीयूत, मग चार-पाच दिवसांत घर.

ऑपरेशन चालू असताना तुम्ही झोपलेल्या असता, पण चेहरा 'बोलत' असतो. नसेच्या एका फांदीला सूक्ष्म विजेचा स्पर्श दिला तर एरवी फक्त त्या फांदीचे स्नायू हलतात. तुमच्या आजारात दुसऱ्या फांदीचेही हलतात, उदाहरणार्थ डोळ्याच्या फांदीला छेडलं तर हनुवटीही उडते. धमनी नसेवरून बाजूला झाली की ही जादाची उडी पुष्कळदा तिथल्या तिथे नाहीशी होते. सर्जनला योग्य धमनी सापडल्याची ती पावती असते. ही नोंद ठेवणारं यंत्र आणि ते वाचणारं माणूस थिएटरमध्ये असेल का, हे विचारा. आणि एक लक्षात ठेवा, या नोंदीत गोंधळ नको म्हणून बरेच सर्जन शेवटचं बोटॉक्स आणि ऑपरेशन यांत काही महिन्यांचं अंतर ठेवायला सांगतात. म्हणजे पुढचं इंजेक्शन घ्यायच्या आधी सर्जनची भेट झालेली बरी.

गुण किती? अनुभवी हातांत शंभरातल्या ८५ ते ९० जणांचे झटके कायमचे थांबतात. काही थोड्यांना पुढे पुन्हा सुरू होतात. एक गोष्ट मात्र आधी सांगितली नाही तर माणसं खचतात : गुण लगेच येईलच असं नाही. कित्येकांना ऑपरेशननंतरही काही आठवडे, काही महिने झटके चालू राहतात आणि मग विरतात. वर्षभर तरी थांबल्याशिवाय ऑपरेशन फसलं असं म्हणत नाहीत. शुद्धीवर आल्या आल्या मुलीने मोबाईल समोर धरून 'थांबलं का गं?' असं विचारू नये, हे तिला आत्ताच सांगून ठेवा.

आता कान. सातव्या नसेला अगदी चिकटून आठवी नस जाते, ती ऐकण्याची आणि तोल सांभाळण्याची. काम सातवीवर असलं तरी ताण आठवीला बसू शकतो, तिला रक्त पुरवणारी बारीक वाहिनी आकसू शकते. त्या बाजूचं ऐकू येणं कायमचं कमी होणं किंवा जाणं, हा या ऑपरेशनचा खरा हिशेब आहे. शंभरात साधारण एक ते पाच जणांत हे घडतं, अनुभवी केंद्रात कमी. इतर कुणासाठी हा आकडा लहान असेल. गाणाऱ्या बाईसाठी तो लहान नाही. एका कानाने गाता येतं, सूरही लावता येतो, पण मंडळात पखवाज एकीकडे, पेटी दुसरीकडे आणि मागून झील धरणाऱ्या बायका, असा सगळा गलका असताना आवाज कुठून येतो ते एका कानाला समजत नाही. वर्गातही तेच. मागच्या बाकावरून कोण बोललं ते शोधावं लागतं.

म्हणून माझा पहिला सल्ला अगदी साधा आहे. सर्जनकडे जायच्या आधी दोन्ही कानांचा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची तपासणी, काढून घ्या. ही तपासणी अर्ध्या तासाची, फारशी खर्चाचीही नाही. उजवा कान ठणठणीत असेल तर धोका एका मापाचा. उजवा आधीच कमी ऐकत असेल आणि सगळा भार डाव्यावर असेल, तर त्याच ऑपरेशनचा धोका तुमच्यासाठी कितीतरी मोठा. मग मी तुम्हाला इंजेक्शनवरच राहा म्हणेन. पन्नाशीत बऱ्याच जणांना आपला एक कान मंद झालाय हे ठाऊकच नसतं. फोन नेहमी एकाच कानाला लावायची सवय असते, एवढंच.

सर्जनला विचारायचं ते असं : ऑपरेशनभर माझ्या श्रवणाची नोंद ठेवणार का? (कानात टकटक आवाज सोडून ब्रेनस्टेमपर्यंत पोचणाऱ्या लहरी बघतात. लहर मंदावली तर सर्जन हात थांबवतात.) चेहऱ्याच्या स्पॅझमसाठी हेच ऑपरेशन तुम्ही स्वतः किती केलीत? मेंदूची एकूण किती, हा प्रश्न नव्हे. त्यातल्या किती जणांचा कान गेला? प्रश्न ऐकून जे डॉक्टर चिडतात त्यांना नमस्कार करून बाहेर या. चांगले सर्जन आकडे आपणहून सांगतात.

एक प्रश्न खास तुमच्यासाठी. त्याच जागेच्या जरा खाली नववी आणि दहावी नस आहे, गिळणं आणि आवाज त्यांच्याकडे. क्वचित घोगरेपणा येतो, सहसा तात्पुरता. तुम्ही गाता हे इथेही सांगायचंच. बाकीचे धोकेही माहीत असावेत : काही दिवस चक्कर, जंतुसंसर्ग, आणि काही जणांत आठवडा-दोन आठवड्यांनी अचानक त्या बाजूचा चेहरा लुळा पडणं. ते बघून घरचे हबकतात, पण उशिरा आलेला तसला लुळेपणा बहुतेकांचा काही आठवड्यांत, महिन्यांत भरून येतो. पक्षाघात किंवा जिवावर बेतणं अनुभवी केंद्रात शंभरात एकाहूनही कमी. शून्य नाही, हेही खरं.

मिस्टरांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. हा आजार जिवावर बेतत नाही, ऑपरेशन मात्र थोड्यांच्या बाबतीत बेतू शकतं. पण 'जिवाला धोका नाही' म्हणजे 'काही बिघडलं नाही' असं होत नाही. तुम्ही स्कूटर चालवता का ते लिहिलेलं नाही. फोंड्यात राहणारी नोकरदार बाई, चालवत असणारच. वळणावर, समोरून ट्रक येत असताना डावा डोळा दोन-तीन सेकंद मिटतो तेव्हा काय होतं, हे त्यांना एकदा मागे बसवून दाखवा. (खरं तर दाखवू नका. झटके जोरात असतील त्या दिवसांत स्कूटर घरीच ठेवा.)

मुलीचं म्हणणंही अर्धं बरोबर. करण्यासारखं आहे, 'लगेच'सारखं नाही. महिन्या-दोन महिन्यांनी काही बिघडत नाही. सासूबाईंना कौल लावू द्या. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचं मन शांत असलं तर ऑपरेशननंतरचे दिवस सगळ्यांनाच सोपे जातात. फक्त कौल कधी लावायचा ते तुम्ही ठरवा : ऑडिओग्राम आणि सर्जनची भेट झाल्यावर. देवीला प्रश्नही मग नेमका विचारता येईल.

कुठे करायचं? सुरुवात बांबोळीला गोमेकॉतून (गोवा मेडिकल कॉलेजातून) करा. न्यूरोलॉजी आणि न्यूरोसर्जरी दोन्ही विभाग तिथे आहेत, एमआरआयची सीडी (नुसता रिपोर्ट नव्हे) आणि तो व्हिडिओ घेऊन जा. तिथल्या डॉक्टरांनाच सरळ विचारा, हे ऑपरेशन इथे करावं की मुंबई-बेंगळुरूला. मुलगी बेंगळुरूला असल्याने तिथलं दुसरं मत सोपं पडेल. खर्चाचं म्हणाल तर तुमची शाळा सरकारी असेल तर वैद्यकीय भरपाईचे नियम आधी कार्यालयात विचारून घ्या. नसेल तर गोवा सरकारच्या दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड चालू आहे ना ते बघा, आणि या ऑपरेशनचं पॅकेज त्यात कुठल्या हॉस्पिटलात बसतं ते काउंटरवर लेखी घ्या. तोंडी 'होऊन जाईल'वर प्रवास करू नका.

तारीख ठरवताना चवथ (गणेश चतुर्थी) बघा. ऑपरेशननंतर चार ते सहा आठवडे वजन उचलायचं नाही, खाली वाकायचं नाही, कुंथायचं नाही. गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायला स्टुलावर चढणं, घरभर पाहुण्यांचं रांधणं, हे त्या वर्षी दुसऱ्या कुणीतरी करायचं. 'मी बरी आहे गं' म्हणत तुम्ही स्टुलावर चढणार हे मला इथूनही दिसतंय. रक्तदाब आधी आटोक्यात हवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नका, भूलतज्ज्ञांना विचारा.

आणि पावसाळ्यात केलंत तर घरच्यांना एक सांगून ठेवा. ऑपरेशननंतर नाकातून पाण्यासारखं पातळ, खारट पाणी गळायला लागलं, विशेषतः वाकल्यावर, किंवा कानामागची उशी ओली व्हायला लागली, तर ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. आपण त्याला सर्दी म्हणतो, वाफ घेतो आणि दोन दिवस घालवतो. तसं न करता त्याच दिवशी हॉस्पिटलला फोन करायचा. ताप आणि मान आखडणं, यालाही तोच नियम.

तुमच्या जागी मी असते तर? उजवा कान चांगला निघाला असता तर डोस बदलून, फक्त डोळ्याभोवतीचं इंजेक्शन मी एकदाच घेऊन पाहिलं असतं, तेही सर्जनला आधी भेटून आणि तारखेचं अंतर विचारून. तेवढ्यावर गजर पुन्हा हाती घेता आला तर तिथेच थांबले असते. दर तीन-चार महिन्यांनी सुई टोचून घेणं हा काही पराभव नव्हे. नाही जमलं तर ऑपरेशनला गेले असते. तुमचा क्रम वेगळा असू शकतो. ऑडिओग्राम हातात आला की दोन्ही कानांचे आकडे मला कळवा, मग पुढचं बोलू.